२८ गेजचा पत्रा आणि ५० मिलिमीटरची प्लेट: बिल्बाओचं गुगेनहाइम, बेळगावकरांसाठी

स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम या आधुनिक कलेच्या म्युझियमवर जो चकाकणारा पत्रा आहे, तो जेमतेम ०.३८ मिलिमीटर जाडीचा आहे. उद्यमबागच्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीच्या, भाषेत २८ गेज. आपल्याकडे गोठ्यावर किंवा शेडवर घालतात तो पत्रा सहसा याहून जाड असतो. आणि याच इमारतीच्या आत, तळमजल्यावरच्या लांब दालनात, रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराने उभ्या केलेल्या पोलादी प्लेटा ५० मिलिमीटर जाड आहेत. बाहेर वाऱ्याने थरथरेल इतका पातळ धातू, आत शंभर माणसांनाही हलणार नाही असा. या दोन जाडींमधलं अंतर ज्याला कळतं, त्याने हे म्युझियम पाहावंच. बेळगावात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच मुलं आता जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला आहेत. आई-वडील दोन-अडीच महिने राहायला जातात आणि पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम करून परततात. स्पेनच्या उत्तर टोकाचं बिल्बाओ त्या यादीत सहसा नसतं. आमच्या मते दोन रात्री काढून जावं असं हे ठिकाण आहे, विशेषतः घरात कुणी फाउंड्री, मशीनशॉप किंवा फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य घालवलेलं असेल तर. आधुनिक चित्रकला कळत नाही म्हणून अशा ठिकाणी न जाणाऱ्यांना इथे सुरुवात करायला सोपं जातं, कारण इथल्या सगळ्यात मोठ्या वस्तू धातूच्या आहेत, आणि त्या कशा बनल्या असतील हा प्रश्न आपल्या माणसाला आपोआप पडतो.

शहराची पार्श्वभूमी थोडी माहीत असावी. बिल्बाओ हे लोखंडाचं गाव. आसपासच्या डोंगरांत लोहखनिज, नदीकाठी भट्ट्या आणि जहाजबांधणीचे यार्ड. नेर्वियोन नदी इथून पुढे समुद्राला मिळते, त्यामुळे भरती-ओहोटी शहरापर्यंत येते. १९८३च्या ऑगस्टमध्ये मोठा पूर आला, १९८८मध्ये एउस्काल्दुना हे जहाजाचं यार्ड बंद पडलं, आणि १९९६मध्ये मोठा पोलाद कारखाना आल्तोस ओर्नोसच्या झोतभट्ट्या विझल्या. त्याच काळात, १९९१मध्ये, बास्क सरकारने, म्हणजे बिल्बाओ ज्यात येतं त्या स्पेनच्या स्वायत्त प्रांताच्या सरकारने, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम फाउंडेशनशी बोलणी केली. वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी. बांधकाम ऑक्टोबर १९९३मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर १९९७मध्ये दारं उघडली. एका म्युझियमने अख्खं शहर बदललं, असं सगळीकडे सांगतात. ते अर्धं खरं आहे. नदीचं पाणी साफ करायचं काम त्याआधीपासून चालू होतं, बंदर समुद्राकडे हलत होतं, मेट्रो १९९५मध्येच धावू लागली होती. म्युझियम या सगळ्या कामांत बसवलेला एक भाग आहे, सर्वांत ठळक दिसणारा.

आता पत्र्याकडे. इमारतीवर टायटॅनियमचे सुमारे ३३,००० तुकडे आहेत. गेहरींनी आधी स्टेनलेस स्टीलचा विचार केला होता, पण बिल्बाओचं आभाळ वर्षातला बराच काळ राखाडी असतं आणि त्या उजेडात स्टेनलेस मरगळलेलं दिसतं. टायटॅनियम पावसातही उजेड धरतं. एरवी ते परवडलं नसतं; त्या सुमारास रशियन माल बाजारात आल्याने भाव उतरला आणि गणित जमलं. वाकडेतिकडे पृष्ठभाग कागदावर मांडणं अशक्य होतं, म्हणून विमानं डिझाइन करण्यासाठी वापरतात ते कातिया सॉफ्टवेअर इथे वापरलं. आज आपल्याकडच्या पोरांना ते कॉलेजातच शिकवतात, पण १९९०च्या दशकात इमारतीसाठी ते वापरणं नवीन होतं. आत पोलादाचा सांगाडा आहे, साधारण तीन मीटरच्या चौकटींचा, आणि वरची वळणं त्या सरळ चौकटींवरूनच काढलेली आहेत.

जवळ जाऊन पत्रा बघा. तो सपाट नाही. प्रत्येक तुकडा मधोमध किंचित फुगलेला, गादीच्या टाक्यांमधल्या फुगवट्यासारखा. इतका पातळ पत्रा वळणावर बसवला की तो असा उसळतोच. आपल्याकडचा फॅब्रिकेटर त्याला दोष म्हणेल आणि प्लॅनिश करून सपाट करायला बघेल. इथे तो ठेवला, आणि त्यामुळेच उजेड एका जागी न चमकता विखुरतो. ढगाळ सकाळी इमारत शिशासारखी दिसते, ऊन पडलं की चंदेरी, उतरत्या उन्हात मधासारखी. कडेचा पिवळसर दगड चुनखडीचा आहे, दक्षिणेकडच्या ग्रानादा प्रांतातला. एक खूण लक्षात ठेवा: बाहेरून जिथे दगड दिसतो तिथे आत चौकोनी दालनं, जिथे टायटॅनियम दिसतं तिथे आत वाकडी दालनं. ही खूण कळली की आत रस्ता चुकत नाही.

फोटोसाठी दिशा समजून घ्या, नाहीतर पदरी निराशा येते. म्युझियम नदीच्या दक्षिण काठावर आहे, म्हणजे पाण्याकडची बाजू उत्तरेला तोंड करून. दुपारी पलीकडच्या काठावरून फोटो काढला की सूर्य इमारतीच्या मागे येतो आणि टायटॅनियम काळं पडतं. सकाळी पूर्वेकडच्या ला साल्वे पुलावर जा; काठावरून पुलावर जायला लिफ्ट आहे. सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी पश्चिमेकडच्या पेद्रो आरुपे पादचारी पुलावर थांबा. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे दिवसभर पाहून, जेवून, पुन्हा येऊनही तो मधाळ रंग मिळतो. ला साल्वे पूल १९७२चा, म्हणजे म्युझियमच्या आधीचा. गेहरींनी त्याला टाळलं नाही. लांब दालन पुलाच्या खालून पलीकडे नेलं आणि तिथे एक मनोरा उभा केला, की पूलही इमारतीचाच भाग वाटावा.

पाण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इमारतीला लागून जे पाणी आहे ते नदी नाही, उथळ तळं आहे. तळं आणि नदी यांच्या मधून पायवाट जाते. ओहोटीला नदीची पातळी चांगलीच खाली जाते आणि काठाच्या भिंतीवर ओली काळी पट्टी उघडी पडते, पण तळ्याचं पाणी जागेवर राहतं, म्हणून म्युझियम कायम पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. आपल्या किल्ला तलावाच्या बांधावर उभं राहून पाण्यातलं प्रतिबिंब पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही युक्ती लगेच उमगेल. भरतीच्या वेळी दोन्ही पाण्यांच्या पातळ्या एकमेकींच्या जवळ येतात, तेव्हाचं दृश्य सर्वांत चांगलं. बिल्बाओच्या भरतीचं वेळापत्रक फोनवर सहज मिळतं, ते पाहून संध्याकाळ ठरवा.

बाहेरच्या कलाकृतींना तिकीट लागत नाही. शहराच्या बाजूला चौकात जेफ कून्सचा ‘पपी’ बसलाय, १२ मीटरहून उंच, पोलादी सांगाड्यावर जिवंत फुलझाडांनी मढवलेला कुत्रा. पाणी द्यायची व्यवस्था आतूनच आहे. मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा झाडं बदलतात, जवळजवळ ३८,००० रोपं. त्या दिवसांत कुत्र्याभोवती परांची असते, हे तारखा ठरवताना लक्षात घ्या. उद्घाटनाच्या आठवड्यात याच कुत्र्याच्या कुंड्यांत स्फोटकं लपवायला आलेल्या अतिरेक्यांना अडवताना चेमा आगिरे हा बास्क पोलीस मारला गेला. त्या चौकाला त्याचं नाव आहे. पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नदीच्या बाजूला लुईझ बुर्ज्वा यांचा ‘ममाँ’ हा नऊ मीटरचा ब्राँझचा कोळी. खाली उभं राहून वर पाहा, पोटाच्या जाळीत संगमरवराची अंडी दिसतात. पायांवरचे वेल्ड आणि गाठी मुद्दाम राखलेल्या आहेत. तळ्यात अनिश कपूर यांचं ‘टॉल ट्री अँड दि आय’. कपूर यांचा जन्म मुंबईचा, १९५४चा. आरशासारखे पॉलिश केलेले स्टेनलेसचे ७३ गोळे, एकावर एक. बफिंगचं, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणण्याचं, काम कुणी जवळून पाहिलं असेल तर इथे दहा मिनिटं द्यावीत. गोळ्यावर बफचा एकही पट्टा राहिला असता तर प्रतिबिंब तिथे तुटलं असतं, आणि ते कुठेच तुटत नाही. एका गोळ्यात दुसरा, त्यात इमारत, त्यात आपण. शिवाय साधारण दर तासाला तळ्यावर काही मिनिटं धुकं सोडतात. हे फुजिको नाकाया या जपानी कलावतीचं धुक्याचं शिल्प. बारीक नोझलमधून पाणी दाबाने सुटतं, धूर नसतो, त्यामुळे दम्याच्या माणसाने घाबरायचं कारण नाही. चष्मा मात्र ओला होतो.

आत जायचा रस्ता उलटा आहे. आपल्याला मोठ्या इमारतीच्या पायऱ्या चढायची सवय. इथे शहराच्या पातळीवरून पायऱ्या उतरून आत जायचं, कारण जुनी बंदराची जागा शहरापेक्षा जवळजवळ १६ मीटर खाली आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना सांगावं, लिफ्ट आहे आणि व्हीलचेअरही मिळते. आत शिरल्यावर ५० मीटरच्या वर उंचीचा मधला चौक लागतो. काच, दगड, लिफ्टचे मनोरे, हवेत लटकणाऱ्या गॅलऱ्या. सगळे इथेच मान वर करून थांबतात आणि मागून येणाऱ्यांची कोंडी होते. तुम्ही थांबू नका. दहा वाजता दार उघडतं. सरळ १०४ क्रमांकाच्या दालनात जा. साडेअकरानंतर तिथे ग्रुप येतात आणि मग तिथली शांतता संपते.

हे दालन १३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. आत सेराचं ‘द मॅटर ऑफ टाइम’: आठ शिल्पं. त्यातला तीन लांब नागमोडी पट्ट्यांचा ‘स्नेक’ उद्घाटनापासून इथे आहे, बाकीची सात २००५मध्ये आली. उंची चार मीटर आणि वर, एकूण वजन हजार टनांच्या पुढे. तरुणपणी सेराने पोलाद कारखान्यांत काम केलं होतं. २०२४च्या मार्चमध्ये तो गेला.

एक शिल्प समजून घेतलं की बाकीची उलगडतात. तळाशी एक लंबवर्तुळ कल्पा. माथ्यावर तेवढंच लंबवर्तुळ, पण काही अंश फिरवलेलं. आता खालची कड आणि वरची कड एका सलग पत्र्याने जोडा. भिंत एका जागी आत झुकते, चार पावलांवर सरळ होते, पुढे बाहेर कलते. सेराने आधी लाकडाची दोन लंबवर्तुळं एका दांड्याला बसवून, त्यांवरून शिशाचा पत्रा फिरवून नमुना काढला. मग खरा प्रश्न आला: दोन इंची प्लेट अशी पिळवटून कोण देणार? साधा बेंडिंग रोल प्लेटला नळकांड्याचा किंवा शंकूचा आकार देतो, कारण त्रिज्या एका रेषेत बदलते. इथे प्रत्येक उंचीवर कल वेगळा. म्हणजे प्लेट रोलमधून थोडी थोडी सरकवत, दर वेळी टेम्प्लेट लावून तपासत, पुन्हा पुन्हा दाबावी लागते. हे काम शेवटी जर्मनीत झालं. वरच्या कडेला जिथे दोन प्लेटा एकमेकींना भिडतात तो सांधा पाहा. त्या फटीत पोस्टकार्ड जाईल की नाही अशी शंका येते. हजार टनांच्या जॉबला असा फिट!

आता मार्गिकेत शिरा. दोन्ही भिंती डोक्यावर जवळ येतात, मग दूर जातात, पाय मात्र सपाट फरशीवर. कानातला तोल सांगतो जमीन सपाट, डोळ्यांना वाटतं ती उताराची. काहींना इथे चक्कर येते. तसं झालं तर भिंतीकडे न बघता समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत बाहेर या. भिंतीला हात लावायचा नाही, आणि रखवालदार त्याबाबत कडक आहेत. कारण सांगण्यासारखं आहे. हे कॉर-टेन पोलाद, त्यात तांबं, क्रोमियम, निकेल अल्प प्रमाणात असतं. साध्या पोलादाचा गंज खपल्या होऊन सुटतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. कॉर-टेनवर तो घट्ट थर होऊन बसतो आणि पुढचा गंज थोपवतो. हा थर ओल आणि कोरड यांच्या आलटून-पालटून येण्याने पक्का होतो. कोरड्या दालनात तो हळू चढतो, आणि घामट हाताचा डाग त्यावर कायमचा उमटतो. जवळून पाहिलं तर एकाच भिंतीवर संत्र्याची साल, गूळ आणि जळका कोळसा असे तीन रंग दिसतील, मधून रोलच्या दाबाच्या पुसट रेघा. पांढरे कपडे घालून गेलात तर बाही सांभाळा.

निघण्याआधी लगतच्या खोलीतले छोटे नमुने पाहा, त्यात वरून आकार कळतो. मग वरच्या मजल्यावरच्या सज्जातून तेच दालन खाली पाहा. क्रम मात्र हाच ठेवा, आधी आतून चालणं, मग वरून बघणं. उलट केलंत तर भिंतीमागे काय आहे ते आधीच कळतं आणि चालण्यातली अर्धी मजा जाते.

जवळच जेनी होल्झर यांचे नऊ उभे एलईडी खांब आहेत, १९९७चे. समोरच्या बाजूने इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर लाल अक्षरांत वर सरकतो. खांबांमधून मागे गेलात की तोच प्रकार निळ्या अक्षरांत बास्क भाषेत. बहुतेक लोक समोरूनच फोटो काढून परततात आणि बास्क बाजू पाहतच नाहीत. दोन भाषांच्या पाट्या वाचत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या माणसांनी मागे नक्की जावं. शहरभर सगळं असंच दोन भाषांत आहे. दुकानाच्या दारावर ‘इरेकिता’ म्हणजे उघडं, ‘इचिता’ म्हणजे बंद. आभार मानताना ‘एस्केरिक आस्को’ म्हटलंत तर काउंटरवरचा माणूस खुलतो.

वरच्या मजल्यांबद्दल अपेक्षा माफक ठेवा. दालनं वीसच्या आसपास, पण प्रदर्शनं बदलत असतात, आणि बदलाच्या काळात काही दालनं आठवडे आठवडे बंद राहतात. तिकीट काढण्याआधी संकेतस्थळावर कोणतं दालन बंद आहे ते पाहाच. टायटॅनियमखालच्या वाकड्या दालनांत मोठी शिल्पं शोभतात, सपाट चित्रं मात्र भिंतीशी झगडतात. तिथे इमारत चित्रावर मात करते, हा या म्युझियमचा खरा दोष. चित्रं पाहायची तर दगडी बाजूची चौकोनी दालनं. प्रदर्शनाशेजारी ‘दिदाक्तिका’ नावाची माहितीची जागा असते, नवख्यांनी आधी तिथे थांबावं.

व्यवहाराचं. सोमवारी सहसा बंद. उन्हाळी हंगामात वेळ आणि वार दोन्ही वाढतात. वेळ निवडून ऑनलाइन तिकीट काढा. पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत, ठेवायला जागा आहे, पण मोठी सूटकेस घेत नाहीत, तेव्हा विमानतळावरून थेट जाऊ नका. फोटोचा नियम दालनागणिक बदलतो, दारावरचं चिन्ह बघा, फ्लॅश कुठेच नाही. विमानतळावरून ३२४७ क्रमांकाची बस शहरात येते, रेकाल्दे मार्गावरच्या थांब्याला उतरलं की म्युझियम चालत गाठता येतं. ट्रामचा थांबा दाराजवळ आहे, त्याचं नावच गुगेनहाइम. बारीक पावसाला तिथे ‘सिरिमिरी’ म्हणतात. जुलैतल्या बेळगावच्या भुरभुरीसारखाच, छत्रीला न जुमानणारा. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं. नदीवरच्या सुबिसुरी पुलाची जमीन काचेची, ओली झाली की घसरते; तिथे टाकलेल्या चटईवरूनच चाला.

व्हिसा: मुलाकडे जर्मनीत राहणार असाल तर मुख्य मुक्कामाचा देश जर्मनी, अर्ज तिथला, आणि त्याच शेंगेन व्हिसावर बिल्बाओला जाता येतं. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यायचे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून फक्त देशातली विमानं, त्यामुळे मुंबई किंवा बंगळूरहून पुढे.

शाकाहारींसाठी बार अवघड आहेत. काउंटरवर मांडलेल्या बहुतेक पिंचोंमध्ये, म्हणजे पावाच्या तुकड्यावरच्या छोट्या खाण्यांमध्ये, डुकराचं मांस किंवा मासा असतो, क्रोकेता या तळलेल्या गोळ्यांमध्येसुद्धा. ‘तोर्तिया’ ही बटाट्याची जाड पोळी दिसते, पण ती अंड्याची. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ असं स्पष्ट सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर हॅमचे तुकडे कधी कधी त्यात धरले जात नाहीत. गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ भुरभुरवलेल्या, बिनधास्त मागवा. आपल्या भज्याच्या मिरचीपेक्षाही सौम्य. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, मग रात्री साडेआठपर्यंत बरीच स्वयंपाकघरं बंद. म्युझियममधून चार वाजता भुकेले बाहेर पडलात तर पंचाईत होते, म्हणून दोनला जेवून घ्या किंवा पिशवीत चिवडा ठेवा.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने आरेताला जा. तिथे १८९३चा बिस्काया पूल आहे: दोन काठांवर लोखंडी मनोरे, वर १६० मीटरचा गर्डर, आणि त्याला तारांनी लोंबकळणारा पाळणा, जो गाड्या आणि माणसं पलीकडे नेतो. खालून जहाजं जावीत म्हणून असा केला. २००६पासून जागतिक वारसा, आणि अजून रोजच्या वापरात. पाळण्यातून जाताना बसू नका, कडेला उभं राहून वरच्या चाकांकडे बघा.